गरम गाळणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

डायरी लिहायची मला सवय नाही. पण हे कुठेतरी ओकलं नाही तर उद्या लॅबमध्ये मी काहीतरी फोडीन, आणि काचा मलाच गोळा कराव्या लागतील.

परिषदेची छापील पत्रिका आज हातात पडली. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात: ‘मिश्र पाण्यातील जिप्समची विद्राव्यता आणि तापमान’. खाली नावं दोन. मॅडमचं आणि लाडोबाचं. मला वाटलं, तिसरं पानामागे गेलं असेल. पान उलटलं. मागे जेवणाच्या वेळा होत्या.

तो आलेख माझा आहे. साखर, तुरटी, सोरा, जगातल्या बहुतेक गोष्टी पाणी तापवलं की जास्त विरघळतात. कॅल्शियमचे बरेच क्षार मात्र उलट्या डोक्याचे. चुन्याची स्वच्छ निवळी उकळायला ठेवा, ती गढूळ होते. जिप्सम तर आणखी आतल्या गाठीचं: चाळीस अंशांच्या आसपासपर्यंत गोडीगुलाबीनं जास्त जास्त विरघळत जातं, आणि मग मन फिरल्यासारखं उतरायला लागतं. ते मन नेमकं कुठे फिरतं, पाण्यात दुसरे क्षार मिसळले की ती जागा सरकते का, हे शोधण्यात माझी चार वर्षं गेली. लाडोबाचा त्याच्याशी संबंध इतकाच की तो शेजारच्या टेबलावर बसतो. माझ्यानंतर वर्षभरानं आलेला मॅडमचा हा दुसरा विद्यार्थी. नाव मीच ठेवलंय.

तडक मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, पत्रिकेत माझं नाव नाही.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “कशात?”

“जिप्समच्या पेपरमध्ये.”

“ते काम त्याचं आहे ना,” त्या म्हणाल्या. आवाज शांत, चेहरा निरागस. “तुझं काय चाललंय सध्या?”

सध्या म्हणे. मी बाहेर आले. इतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं बोलायला किती वर्षांचा सराव लागत असेल कोण जाणे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लाडोबा आज माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “तुझ्याशी जरा बोलायचंय.”

“मला नाही बोलायचं.”

तो थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. मग दिवसभर लॅबमधल्या कपाटांवर मोठ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या चिकटवत बसला. ‘फ्लास्क इथे’. ‘गाळणकागद इथे’. मॅडमच्या खोलीच्या दारावरसुद्धा, आतल्या बाजूनं, ‘दिवा बंद केला का?’. जशी काही लॅब त्याच्या तीर्थरूपांची.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ताईला सांगितलं. मी राहते तिच्याकडेच, त्यामुळे माझं थोबाड बघून तिनं आधीच ओळखलं होतं. भाऊजींचं दुकान गीझरदुरुस्तीचं. सुट्टीच्या दिवशीही कुणाची तरी कॉइल घरी आणून व्हरांड्यात ठोकत बसतात. आजची कॉइल पांढऱ्या थरानं इतकी जाड झाली होती की मनगटाएवढी दिसत होती.

“बघ,” ते मला म्हणाले, “थंड पाण्याचा पाइप तसाच चकचकीत. सगळी घाण तापतं तिथेच बसते.”

“भाऊजी, ती घाण नाही, माझा विषय आहे.”

“मग घे की तुझा विषय, पिशवीत भरून देतो.”

ताई हसली नाही. ती म्हणाली, “विभागप्रमुखांकडे जा. लेखी तक्रार दे.”

“तक्रार देऊन काय होईल? बंद दाराआड दिलगिरी व्यक्त करतील. मला न्याय नकोय ताई. मला चारचौघांत त्यांचा चेहरा उतरलेला बघायचाय.”

“दोघांचा?”

“दोघांचा.”

तिनं दोन-चार कपड्यांच्या घड्या केल्या. मग म्हणाली, “अगं, त्या विसरल्या तर नसतील? वय झालंय त्यांचं.”

मला हसूच आलं. छत्री विसरतात. माणसाची चार वर्षं कोण विसरतं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सापडलं. दोन दिवस डोक्यात घोळत होतं, ते आज वॉटर बाथसमोर, द्रावणं तापत ठेवायच्या त्या पाण्याच्या टाकीसमोर, उभी असताना नीट जुळलं.

पेपर लाडोबा वाचणार. वाचून झाल्यावर प्रश्न विचारायची मुभा असते. मी मागच्या रांगेतून उभी राहणार आणि अगदी साधा प्रश्न विचारणार: द्रावण गाळताना गाळणी गरम का ठेवली?

ज्यानं हे काम हातानं केलंय त्यालाच हे सांगता येईल. साठ अंशांवरचं पाणी गाळायला घेतलं आणि गाळणी गार असली, तर पाणी वाटेतच निवतं. निवलं की जिप्समला आणखी विरघळायला जागा होते, आणि गाळणकागदावर अडकलेले कण पुन्हा पाण्यात उतरतात. आकडा फुगतो. दुसऱ्या कुठल्या पदार्थाच्या बाबतीत याच्या बरोबर उलट होईल. लाडोबा पडला गार पाण्यात काम करणारा. त्याची गाळणी कायम खोलीच्या तापमानाला. तो नक्की उलटं उत्तर देणार, आणि मग मी दुसरा प्रश्न विचारणार.

ही गाळणीची गोष्ट मला मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. माझं बोट धरून काचेला टेकवलं होतं. चटका बसला तेव्हा म्हणाल्या, “आता आयुष्यभर विसरणार नाहीस.” तेव्हा मला त्या फार आवडायच्या. असो. लाडोबा ततपप करेल, आणि त्या पहिल्या रांगेत बसून ऐकतील. एका दगडात काम होईल.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी लॅबमध्ये जळका वास. मॅडम काल कुणालातरी काहीतरी दाखवत होत्या, तेव्हापासून वॉटर बाथ चालूच राहिला. सगळं पाणी आटून तळाला पांढरी पोपडी आणि हीटर काळाठिक्कर. विभागप्रमुख येऊन उभे राहिले तेव्हा लाडोबा पुढे होऊन म्हणाला, “माझी चूक, सर. मीच बंद करायला विसरलो.”

मॅडम त्याच्या शेजारीच होत्या. हूं की चूं नाही. शिष्यानं बोलणी खाल्ली आणि बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

चमचेगिरीची कमाल आहे. तो त्यांची पर्स सांभाळतो, खोलीचं कुलूप उघडून देतो, संध्याकाळी घरापर्यंत सोडायलाही जातो. पेपरवर नाव असंच मिळत असेल.

जाताना मॅडमनी मला हाक मारली. माझ्या नावानं नव्हे. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन लॅब सोडून गेलेल्या मुलीच्या नावानं. मी वळलेसुद्धा नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मॅडमनी आज मला बोलावून घेतलं. आज नाव बरोबर घेतलं, म्हणजे हवं तेव्हा जमतं.

“तुझा प्रबंध कुठवर आलाय?”

“झालाय. शेवटचं प्रकरण तपासतेय.”

“आण माझ्याकडे. उद्याच आण. सही करून टाकते.” मग लगेच, “उशीर नको करूस. या महिन्यातच होऊ दे.”

तो प्रबंध तेव्हा माझ्या पिशवीतच होता. बाहेर काढायचा आणि समोर ठेवायचा, इतकंच. पण मला हाकलायची त्यांना एवढी घाई का? पेपर घशात घातला, आता डोळ्यांसमोरून मीही नाहीशी झाले की यांचं रान मोकळं. मी म्हटलं, “अजून वेळ लागेल, मॅडम.”

“लागू देऊ नकोस,” त्या म्हणाल्या. आणि पाच मिनिटांनी मी निघाले तेव्हा पुन्हा, “तुझा प्रबंध कुठवर आलाय?”

माझी परीक्षा घेत होत्या. खोटं पकडायला. मी तेच उत्तर दिलं, त्याच शब्दांत. मी काही कच्ची नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

उद्या. आज आरशासमोर प्रश्न म्हणून बघितला. आवाज चढता कामा नये. ताईनं न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारलं, “कोणाशी बोलतेयस?” मी म्हटलं, “लाडोबाशी.” ती म्हणाली, “त्याला सांग, आम्हालाही अंघोळी आहेत.”

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

झालं. क्रमानं लिहिते.

लाडोबाची सुरुवात ऐकायची माझी इच्छा नव्हती. माझं काम त्याच्या तोंडून, ‘आम्ही असं केलं, आम्हाला असं आढळलं’, हे ऐकलं असतं तर मी मध्येच उठले असते. म्हणून मुद्दाम बाहेर थांबले आणि अर्धा पेपर झाल्यावर आत शिरले. शेवटच्या रांगेत बसले. शेजारी कुठल्याशा दुसऱ्या कॉलेजचे पिकल्या केसांचे प्राध्यापक होते. माझ्या गळ्यातला बिल्ला वाचून हळूच म्हणाले, “तुमचंच ना हे काम? छान आहे हं.” म्हणजे बातमी बाहेरच्यांपर्यंत पोचली होती. मला जोर आला.

पडद्यावर माझा आलेख. ती चढण, ते डोकं, ती उतरण.

टाळ्या झाल्या. मी हात वर केला.

“साठ अंशांवरचं द्रावण गाळताना गाळणी गरम ठेवली होती. का? गार गाळणीनं काय बिघडलं असतं?”

लाडोबानं माझ्याकडे बघितलं. तो घाबरला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. “याचं उत्तर खरं तर तूच…” असं काहीतरी तो बोलायला लागला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून मॅडम उठल्या. “थांब, मी सांगते.” त्यांनी त्याच्या हातून माइक घेतला.

“सोपं आहे,” त्या सभागृहाकडे बघत म्हणाल्या. “गरम पाण्यात पदार्थ जास्त विरघळतो. गाळणी गार असली तर तो कागदावर बाहेर पडेल. आकडा कमी येईल.”

तासभर ज्या क्षाराबद्दल चर्चा चालू होती, तो याच्या उलट वागतो, म्हणून तर सगळा खटाटोप. मला तिथेच बसता आलं असतं. पण माझा दुसरा प्रश्न तयार होता, आणि तो लाडोबाला विचारायचा की त्यांना, याचा मी विचारच केला नाही.

“पण मॅडम, तुमचाच आलेख उलटं सांगतोय. साठ अंशांना चाळीसपेक्षा कमी विरघळलंय. मग?”

त्या वळल्या. पडद्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. बोटानं हवेत ती रेघ गिरवली, वर आणि मग खाली. मग माइकमध्येच विचारलं, “हा आलेख कुणाचा आहे?”

कोणीतरी फिस्सकन हसलं.

“माझा,” मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लाडोबानं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला, “चला मॅडम, चहा घेऊ,” म्हणाला आणि त्यांना पायऱ्यांवरून खाली आणलं. त्यांनी त्याची बाही घट्ट धरली होती. माझ्या रांगेजवळून गेल्या तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला. उतरलेला होता. मला हवा होता तसाच, अगदी पांढरा.

शेवटपर्यंत काय नाटक केलं. ‘कुणाचा आहे’ म्हणे.

मला आनंद झाला आहे. ताईला सांगताना मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तिनं फक्त भात वाढला. जेवणावर मन नव्हतं, पण ते दमल्यामुळे.

रविवार, ३० नोव्हेंबर

लाडोबा घरी आला. भाऊजींनी दार उघडलं आणि त्याला सरळ आत घेतलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

“तू सुरुवातीला हॉलमध्ये नव्हतीस ना?”

“नव्हते.”

“पहिलं वाक्य काय बोललो, कळलं तुला?”

“मला काय करायचंय?”

“‘पत्रिकेत चूक झाली आहे. हे सगळं काम माझ्या सहकारी मैत्रिणीचं आहे, मी ते फक्त वाचून दाखवतोय.’ आणि तुझं नाव, संपूर्ण. आयोजकांना मी तीन आठवड्यांपूर्वी कळवलं होतं, ते म्हणाले आता छापून झालंय, तोंडी सांगा.”

शेजारच्या त्या प्राध्यापकांचं ‘छान आहे हं’ मला तेव्हा ऐकू आलं. म्हणजे पुन्हा, नीट.

“मॅडमनी गोषवारा मला सांगून लिहून घेतला. माझं नाव घातलं. मी खोडून तुझं घातलं. पाठवायच्या आधी त्यांनी पुन्हा बदललं. त्यांना खरंच वाटतं की ते मी केलंय. कधी वाटतं की त्यांनीच केलंय, लग्नाआधी.” तो जमिनीकडे बघत होता. “दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढत जाणार.”

“मला का नाही सांगितलंस?”

“किती वेळा म्हणालो, बोलायचंय.”

“ओरडून सांगायचंस.”

“शपथ घातली होती त्यांनी. कुणालाच नाही, आणि तुला तर मुळीच नाही. कळलं असतं तर विभागानं त्यांना रजेवर पाठवलं असतं, आणि तुझा प्रबंध लटकला असता. चांगल्या दिवशी त्या एकच गोष्ट म्हणायच्या. ‘ती तापट आहे, पण कामाची आहे. तिच्या प्रबंधावर माझी सही होऊ दे, मग मी घरी बसते.’ म्हणून तर या महिन्यात आण म्हणाल्या.”

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एकदाही ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, कारण समोर दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, “तुझं झालं असेल तर जा.”

तो गेला. चप्पल घालताना भाऊजींना म्हणाला, “लॅबमधल्या चिठ्ठ्या आता काढाव्या लागतील.”

बुधवार, ३ डिसेंबर

मॅडम रजेवर. सगळ्या विभागात तीच चर्चा, जो तो मला विचारतो, “तूच ना ती?” विभागप्रमुखांनी आम्हा दोघांना स्वतःकडे घेतलंय. माझा प्रबंध चाळून म्हणाले, “मोजमापं एकदा पुन्हा करावी लागतील. शेवटी त्यांच्या देखरेखीखाली झालेली आहेत, लोक शंका घेणार.” शंका कोणी निर्माण केली, हे ते बोलले नाहीत. लाडोबाची मोजमापंही पुन्हा. त्यानं हीटर बदलून आणला आणि जोडून दिला.

शनिवार, ६ डिसेंबर

मॅडमकडे गेले. फुलं न्यावीत की नाही यावर बराच वेळ घातला, मग रिकाम्या हातांनी गेले. दार त्यांच्या धाकट्या बहिणीनं उघडलं. म्हणाल्या, “आज बरी आहे. पण जास्त वेळ नको.”

मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले. मला बघताच नावानं हाक मारली.

“बस. माफी मागायला आलीयस?”

“हो.”

“गार गाळणीनं आकडा फुगतो,” त्या म्हणाल्या. “घरी आल्या आल्या आठवलं. जिन्यातच. परत जाऊन सांगावं म्हणून मी वळले होते, पण त्यानं हात सोडला नाही.”

मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं, मॅडम.”

“ते कळलं मला. तुझा प्रश्न चांगला होता. दुसरा प्रश्न मात्र तू मला मारायला विचारलास. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर चुकलं तेव्हाच तुला कळायला हवं होतं. ते तुला मी शिकवलं होतं. मी ते कसं विसरेन?” आवाज जराही चढला नव्हता. “ते डोक्यात आलं होतं तुझ्या?”

खोटं बोलता आलं असतं. “क्षणभर आलं होतं,” मी म्हणाले. इथे डायरीतही मी ते लिहिलं नव्हतं.

“तरी विचारलंस.”

“हो.”

“मग माफ नाही करणार मी तुला,” त्या म्हणाल्या. “विसरून जाईन, ते वेगळं.”

त्यांच्या बहिणीनं आतून चहा आणला. आम्ही तिघींनी तो प्यायला.

रविवार, २१ डिसेंबर

मोजमापं पुन्हा चालू केली आहेत. आकडे तेच येताहेत. प्रबंधावर सहीच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव असेल.

आज पुन्हा गेले. मॅडमनी स्वतः दार उघडलं आणि तोंड भरून हसल्या. “ये, ये. तू नवीन ना? कशावर काम करायचंय?”

बहीण मागून मला खुणावत होती, चालू दे म्हणून. मी बसले. त्यांनी मला पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड जातं म्हणाल्या. इतक्या प्रेमानं त्या माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या. ते घेऊन गुपचूप घरी येणं अगदी सोपं होतं. त्यासाठीच आपण आलोय की काय, असं मला वाटायला लागलं, आणि मी पेला खाली ठेवला.

“मॅडम, मी नवीन नाही. मी तुमचीच विद्यार्थिनी. भर सभेत मी तुमचा अपमान केला. मुद्दाम.”

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, एखादा आकडा पटत नसला की बघायच्या तसं.

“मग? मी काय म्हटलं तुला?”

“माफ करणार नाही म्हणालात.”

त्यांनी थोडा विचार केला.

“मग बरोबरच म्हटलं असेल मी,” त्या म्हणाल्या, आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. मी बराच वेळ बसून होते. त्या परत आल्या नाहीत.